दमट हवेत घोड्याला माश्यांची झूल: जाळी कोणती, माप कसं, घालायची कधी?

रेवदंडा_पागा

नमस्कार मंडळी. घोडी कुमैत (तांबूस-तपकिरी), काठियावाडी-मारवाडी मिश्र, उंची घोड्यांच्या चार इंची हाताने पावणेपंधरा हात (१५० सेंमी), वय ७. दिवसा नारळीच्या बागेत मोकळी, रात्री तबेल्यात. गणपतीपासून दिवाळीपर्यंत माश्यांचा जोर असतो. दुपारी पारा ३३ आणि आर्द्रता ७५ टक्क्यांच्या खाली उतरत नाही. जाळीच्या झुली विकत मिळतात, पण त्यांवरचं वर्णन परदेशातल्या हवेसाठी लिहिलेलं. विचारायचं असं की जाळी बारीक घ्यावी की मोठ्या भोकांची? मान आणि पोट झाकणारी घ्यावी का? या हवेत झुलीनेच घोडी उकडून निघेल का? आणि माप कसं घ्यायचं?

खरारा

झुलीच्या आधी माशी बघा. गोमाशी, घोडमाशी, डांस ही नावं गावागणिक बदलतात, म्हणून वर्णनानेच लिहितो.

मोठी, अंगठ्याच्या नखाएवढी, डोळे टपोरे. भर उन्हात येते, पाठ-पुठ्ठा-पोट कुठेही बसते आणि उठली की चाव्यातून रक्ताचा थेंब ओघळतो. हिच्यासाठी झूल चांगली.

दुसरी हुबेहूब घरमाशीसारखी, पण तोंडाशी टोचणीसारखी सोंड पुढे आलेली. ही बहुतेक पायांवर बसते. घोडी दिवसभर पाय आपटत असेल तर ही आहे असं समजा. झूल पायांपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे हिच्यासाठी झुलीवर खर्च करू नका. ही ओल्या पेंढ्यात मिसळलेल्या लिदीत वाढते, इलाज तिथेच.

तिसरी चिलटं, १ ते ३ मिमीची. पहाटे आणि दिवेलागणीला. आयाळ, शेपटीचं मूळ आणि पोटाची मधली रेघ या त्यांच्या जागा.

चौथी चपटी, कडक पाठीची, खेकड्यासारखी तिरकी चालणारी. शेपटीखाली आणि मांड्यांच्या आत चिकटते, थापट मारून मरत नाही. ही झुलीखालीसुद्धा शिरते आणि मग घोडी लाथा झाडते. झूल घालण्याआधी शेपटी उचलून बघायचं ते हिच्यामुळे.

सकाळी ८, दुपारी १ आणि सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने, प्रत्येक वेळी दहा मिनिटं घोडीजवळ उभं राहा. कुठे काय बसतं ते लिहून काढा. दोन दिवसांत चित्र स्पष्ट होतं.

रेवदंडा_पागा

दुपारी मोठ्या माश्या पाठीवर आणि पुठ्ठ्यावर. संध्याकाळी चिलटं, शेपटीचं मूळ नारळाच्या बुंध्याला घासून केस गेलेत. पाय आपटते, पण कमी.

पशुवैद्य_वाई

शेपटीचं मूळ घासणं हे बहुधा चिलटांच्या लाळेच्या अॅलर्जीचं लक्षण आहे. मात्र उवा, जंत आणि गजकर्ण यांनीही खाज येते, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा. अॅलर्जी असेल तर दिवसा ५० चिलटं आणि ५ चिलटं यांत फारसा फरक पडत नाही, थोड्या चाव्यांनीही खाज सुटते. अशा घोडीला अर्धवट झाकणारी झूल म्हणजे फाटकी मच्छरदाणी.

मोठ्या माशीचा प्रश्न वेगळा. ती एका जनावराचं रक्त अर्धवट पिऊन दुसऱ्यावर जाते आणि सोंडेला लागलेल्या रक्तातून सर्रा (रक्तातल्या परजीवीचा आजार) पसरवते. पावसाळ्यात आणि त्यानंतर येऊन-जाऊन ताप, पायांवर किंवा पोटाखाली सूज, खाऊनही वाळत जाणं, हिरड्या फिक्या पडणं दिसलं तर झुलीच्या चर्चेत वेळ घालवू नका, रक्त तपासा.

आता उकाड्याचं. घोडा मुख्यतः घाम सुकवून थंड होतो. हवा आधीच ओली असेल तर घाम सुकत नाही, नुसता ओघळतो. एक ढोबळ बेरीज उपयोगी पडते: तापमान फॅरनहाइटमध्ये अधिक आर्द्रतेचे टक्के. १३० च्या आत असेल तर घोड्याला त्रास नाही. १५० च्या पुढे घामाचं काम बिघडू लागतं. १८० ला कामही नको आणि अंगावर काहीही नको. तुमचे ३३ अंश म्हणजे ९१ फॅरनहाइट, त्यात ७५ मिळवले की १६६. या बेरजेत ऊन आणि वारा धरलेला नाही, म्हणजे वारा पडलेल्या उन्हात परिस्थिती याहून वाईट असते.

तेव्हा झूल २४ तास नको. माशीच्या वेळेपुरती घाला आणि घातल्यावर श्वास मोजा. सावलीत शांत उभ्या घोड्याचा श्वास मिनिटाला ८ ते १६, गुदद्वारातलं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस. झूल घालण्याआधी एकदा, अर्ध्या तासाने एकदा, बरगडीमागची कूस बघत पूर्ण मिनिट मोजा. या हवेत आधीचा आकडाच २० च्या आसपास असू शकतो. बघायचा तो फरक. विश्रांतीत दुप्पट झाला तर ती झूल या हवेसाठी नाही.

आणखी एक. उष्ण दमट हवेत काही घोड्यांचा घाम हळूहळू बंदच होतो, बाहेरून आणलेल्या घोड्यांत जास्त. फक्त आयाळीखाली आणि मांड्यांमध्ये ओल, बाकी अंग कोरडं आणि तापलेलं, नाकपुड्या फुललेल्या. झुलीखाली हे लपून जातं. रोज काढून अंगावर हात फिरवा.

वर्धा_अश्व

झूल ओली करून घातली तर? आमच्याकडे मे महिन्यात गारवा देते.

पशुवैद्य_वाई

वर्ध्यात डेझर्ट कूलर चालतो, रेवदंड्यात चालत नाही. तेच गणित. तुमच्याकडे मे महिन्यात ४४ अंश आणि आर्द्रता २० टक्के, पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. किनाऱ्यावर ओली झूल म्हणजे अंगाला गुंडाळलेलं वाफेचं फडकं. शिवाय केसाळ कातडी तासनतास ओली राहिली की पाठीवर खपल्या धरतात आणि केस पुंजक्यांनी उपटून येतात. अंघोळ घातली तर आधी अंग पूर्ण कोरडं होऊ द्या, मगच झूल.

ह्यूस्टनकर

ह्यूस्टनची हवा उन्हाळ्यात मुंबईच्या सख्ख्या बहिणीसारखी, म्हणून इथे दुकानांत दिसणारे प्रकार सांगते.

पहिली, प्लॅस्टिकचा लेप दिलेल्या पॉलिएस्टर धाग्याची ताठ जाळी. भोकं २-३ मिमी. फाटत नाही, पाणी धरत नाही, झटकली की चिखल पडतो आणि अंगापासून थोडी सुटी राहते, त्यामुळे मोठ्या माशीला वरून टोचता येत नाही. तोटा वजनाचा. खांदेही घासते. चिलटं भोकांतून आरपार.

दुसरी, विणलेली मऊ पॉलिएस्टर जाळी, भोकं १ मिमीच्या आसपास किंवा त्याहून बारीक. चिलटांसाठी हीच लागते. भोक बारीक झालं की वारा कमी होतो, त्याला इलाज नाही. पण धागा पातळ असेल तर भोक बारीक असूनही हवा बरीच जाते, म्हणून भोकाबरोबर धाग्याची जाडी बघा.

तिसरी सुती किंवा सुती-मिश्र. हाताला छान लागते आणि फसवते. घाम शोषून जड होते, दिवसभर ओली राहते. राजस्थानी थंडीत ठीक, कोकणात नको.

विकत घेण्याआधी तीन गोष्टी करा. जाळी तोंडाला दुहेरी धरून जोरात श्वास घ्या. ओढून घ्यावा लागला तर सोडून द्या. टेबल फॅनसमोर धरून मागे हात ठेवा, वारा लागला पाहिजे. आणि दुकानदार ऐकत असेल तर एक कोपरा भिजवून, झटकून पुन्हा चाचपा. पॉलिएस्टरचा कोपरा झटकल्यावर जवळजवळ कोरडा लागतो, सुतीचा ठिबकत राहतो.

रंग पांढरा, फिका राखाडी किंवा फिका निळा. काळा किंवा गडद तपकिरी घेऊ नका: उन्हात तापतो आणि मोठ्या माश्या गडद, चकाकणाऱ्या पृष्ठभागाकडे जास्त येतात.

बाराबंदी

झेब्र्याच्या पट्ट्यांच्या झुली दिसतात त्या नुसत्या फॅशन म्हणून का?

ह्यूस्टनकर

नाही, त्यात तथ्य आहे. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी इंग्लंडमध्ये घोड्यांना काळ्या, पांढऱ्या आणि पट्टेरी झुली घालून बघितलं, २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पट्टेरी झुलीवर मोठ्या माश्या कमी उतरल्या. जवळ यायच्या, पण उतरण्याआधी वेग कमी न करताच आदळायच्या किंवा पुढे निघून जायच्या. डोकं उघडं होतं, तिथे फरक पडला नाही. पण पट्टे जाळीच्या बारीकपणाला पर्याय नाहीत.

खरारा

आता माप. घोडी सपाट जमिनीवर, चारही पाय सरळ, मान नेहमीच्या उंचीला. छातीच्या मधोमध, मान जिथे छातीला मिळते तिथून टेप धरा. खांद्याचा सर्वांत फुगीर भाग घेऊन, आडवा सरळ, मागे पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत, म्हणजे शेपटीच्या बाजूला मांडी जिथे मागे संपते तिथवर. शिंप्याची टेप कमी पडते, सुतळी धरून नंतर मोजा. दोन्ही बाजूंनी घ्या आणि मोठा आकडा धरा.

इंग्लंड-अमेरिकेतल्या झुली या मापाने विकतात, फूट-इंचात किंवा नुसत्या इंचात. युरोपातल्या बऱ्याच झुली पाठीच्या मापाने, मानेच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंत. तिथला १३५ सेंमी म्हणजे इथला साधारण ६ फूट. हे दोन आकडे एक समजले की झूल गुडघ्यापर्यंत लोंबते.

लांबी जुळली म्हणजे झूल बसली असं नाही. आपल्या काठियावाडी-मारवाडी घोड्यांची छाती अरुंद आणि मान उंच, तर बहुतेक तयार झुली रुंद छातीच्या घोड्यांसाठी कापलेल्या. मग गळा ढिला पडतो, झूल मागे सरकते, पुढची कड खांद्यावर येऊन घासते. पुढची कड मानेच्या मुळाच्या उंचवट्याच्या तीन-चार बोटं पुढे बसली पाहिजे. बकल लावल्यावर छातीशी सपाट हात सहज आत जावा, मूठ जाऊ नये. मग घोडीला गाजर दाखवून मान जमिनीपर्यंत खाली आणायला लावा आणि उंचवट्यावर हात ठेवा. तिथे झूल ताणली गेली तर चरताना दिवसभर ताणली जाणार.

पोटाखालचे तंग आडवे-तिडवे, पोट आणि पट्टा यांच्यात आडवा तळहात मावेल इतके सैल. यापेक्षा ढिले ठेवले तर घोडी लोळताना मागचा पाय अडकतो. मांडीचे पट्टे एकमेकांत गुंफून घाला, म्हणजे मांडीला घासत नाहीत. कड्यांची तोंडं आतल्या बाजूला.

मोतद्दार

घालताना आधी छातीचं बकल, मग तंग, शेवटी मांड्या. काढताना उलट. नवीन मुलं उलटं करतात.

खरारा

तंग आधी लावायचा असाही एक पक्ष आहे, आणि त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही: फक्त छातीचं बकल लागलेलं असताना घोडा बिथरून पळाला तर झूल पुढच्या पायांत येते.

मोतद्दार

आणि फक्त तंग लागलेला असताना पळाला तर झूल मागे सरकून कुशीत आवळते, मग तो लाथा मारत सुटतो. त्यापेक्षा मोहरकी (तोंडावरची दोरी) दुसऱ्याच्या हातात द्या, म्हणजे वादच नको. पहिल्यांदा घालताना पुठ्ठ्यावर भिरकावू नका. घडी घालून मानेवर ठेवा, मागे उलगडत न्या, केसांच्या दिशेने ओढून बसवा. पुढे ओढून बसवली तर केस उलटे दबतात.

रेवदंडा_पागा

पोटाच्या पट्टीबद्दल मतं? चिलटं पोटाच्या रेघेवर चावतात म्हणालात, आणि घामही तिथेच साचणार.

पशुवैद्य_वाई

दोन्ही खरं. म्हणून वेळ वाटून घ्या. दुपारी ११ ते ४ मोठ्या माशीसाठी झूल, पोटाचा आणि मानेचा भाग काढलेला. हे भाग वेलक्रोने किंवा कड्यांनी सुटे होणारी झूल घ्या, शिवून जोडलेली नको. सूर्यास्ताच्या तासभर आधी पोट, मान आणि शेपटीचा पदर सगळं लावा, तोवर ऊन उतरलेलं असतं. अंधार पडल्यावर तबेल्यात घेऊन झूल काढा आणि पंखा लावा. चिलटांना नीट उडता येत नाही, वाऱ्यात ती बसू शकत नाहीत. पंखा आठ फुटांवर, वायर पाइपातून, घोडीच्या तोंडाला लागणार नाही अशी. पंखा चालू असेल तर रात्रभराच्या झुलीची गरज बहुतेक उरत नाही, आणि अंग सुकायला वेळ मिळतो.

दुपारी बागेत वारा पडलेला असेल तर झुलीऐवजी घोडीला सावलीच्या, वारा लागणाऱ्या गोठ्यात घ्या. मोठी माशी उन्हात शिकार करते, अंधाऱ्या छपराखाली क्वचितच शिरते.

सुईदोरा

अरुंद छातीच्या घोड्याला तयार झूल बसत नसेल तर शिवून घेणं सोपं. बॅग आणि ताडपत्री शिवणारा कारागीर बघा, कपड्यांच्या शिंप्याची मशीन पट्ट्यावर अडते.

७० इंची घोडीला ४४ इंच पन्ह्याची मऊ पॉलिएस्टर जाळी साडेचार मीटर: दोन बाजूंना दोन-दोन मीटर, उरलेल्यात शेपटीचा पदर आणि कळ्या. दीड इंची नायलॉन पट्टी ६ मीटर. सुती निवार नको, भिजली की आवळते आणि कुजते. दोरा पॉलिएस्टरचा, सुती दोरा पावसाळ्यात शिवणीवर तुटतो.

मधली शिवण पाठीच्या कण्यावर येते. ती दुमडून सपाट करा आणि उंचवट्यावर फूटभर लांब गुळगुळीत सॅटिनचं अस्तर लावा. खांद्यावर शिवण येऊच देऊ नका. कोपराच्या पुढे, खालच्या कडेपासून वर, १० इंच उंच आणि तळाशी ६ इंच रुंद त्रिकोणी कळी घाला, म्हणजे पाय पुढे टाकताना झूल ओढली जात नाही. पुठ्ठ्यावर प्रत्येक बाजूला एक चूण, नाहीतर झूल तंबूसारखी उभी राहते आणि वाऱ्याने उडते. खालची कड पुढच्या पायाचं कोपर आणि मागच्या पायाचा मांडीखालचा सांधा झाकेल एवढीच, त्याखाली गेली की पाय अडकतो. छातीच्या पट्टीत एका जागी मुद्दाम पातळ चामड्याचा तुकडा घाला. झूल कुंपणात अडकली तर तो तुकडा तुटावा, घोडीची मान नव्हे.

शेतीची हिरवी शेडनेट वापरू नका. कडा करवतीसारख्या, दोन दिवसांत खांद्याचे केस जातात. घरगुती मच्छरदाणीची जाळी उलट फारच नाजूक, एकदा लोळली की चिंध्या.

गोठेकर

औषध लावलेली झूल घ्यावी का?

पशुवैद्य_वाई

पर्मेथ्रिन (कीटकनाशक) लावलेल्या जाळीचा उपयोग होतो, धुण्यागणिक कमी होत जातो. साधी झूल विकत घेऊन तिच्यावर फवारलं तर पूर्ण वाळल्यावरच घोडीवर घाला; ओलं औषध घामाबरोबर कातडीवर उतरतं. तबेल्यात मांजर असेल तर दूर ठेवा, मांजराला ते विषारी आहे. मासे असलेल्या विहिरीवर किंवा तळ्यावर ती झूल धुवू नका. निंबाचं किंवा करंजाचं तेल लावणार असाल तर आधी मानेच्या एका टिचभर जागेवर लावून एक दिवस बघा, आणि तेलाच्या अंगावर झूल घालून उन्हात सोडू नका. धुरी तबेल्याबाहेर, वाऱ्याच्या दिशेला. बंद तबेल्यात धूर केला की माश्यांआधी घोडा खोकतो.

मोतद्दार

झुली दोन पाहिजेत. एक अंगावर, एक दोरीवर. घामाचं मीठ जाळीत बसलं की ती सँडपेपर होते. रोज साध्या पाण्याने खळखळून, आठवड्यातून एकदा सौम्य साबणाने, सुगंधी कंडिशनर अजिबात नको. वेलक्रो धुताना लावून ठेवा, नाहीतर त्यात आयाळ भरते. बोटभर भोक पडलं की त्याच दिवशी शिवा, त्यातून खूर जातो.

आणि लीद. ओला पेंढा आणि लीद रोज उचलून तबेल्यापासून लांब, झाकून. या उष्णतेत घरमाशी अंड्यापासून उडेपर्यंत आठवडा-दहा दिवस घेते, म्हणजे एक आठवडा हयगय झाली तर पुढच्या आठवड्यात नवी फौज. पायांवर बसणारी सोंडवाली माशीही तिथेच वाढते, म्हणून पाय आपटणं याने कमी होईल, झुलीने नाही.

रेवदंडा_पागा

माप घेतलं. डावीकडे १७६, उजवीकडे १७८ सेंमी, म्हणजे ७० इंच. छाती अरुंदच आहे. तयार झूल ६९ आणि ७२ मध्ये मिळतेय. मान आणि पोट सुटं होणारी, मऊ जाळी, पांढरी. कोणती घेऊ?

खरारा

६९. अरुंद छातीला ७२ ची झूल मागे सरकणारच. इंचभर तूट शेपटीच्या पदराखाली झाकली जाते. फक्त गाजराची परीक्षा करा. उंचवट्यावर ताणली तर परत करा आणि सुईदोरांच्या मापाने शिवून घ्या. पहिले तीन दिवस दोन-दोन तासच घाला. दर वेळी काढल्यावर खांद्याच्या पुढच्या टोकावर केसांची दिशा बघा. केस गळायच्या आधी तिथे एक चकाकणारा, गुळगुळीत पट्टा दिसतो. तो दिसला की त्याच जागी आतून सॅटिन लावा, केस जायची वाट बघू नका.

सुईदोरा

सॅटिनची चकचकीत बाजू घोडीकडे. बरेच जण उलटी लावतात.